फुग्याच्या वेळेचा घास

दुपारी टेकडीवरून फुगा सुटला की चिमीचं तोंड आपोआप उघडायचं, आणि त्याच क्षणाची वाट पाहत कुमुद मऊ भाताचा चमचा हातात धरून बसलेली असायची.

मी हे दुर्बिणीतून पाहायचो. खरं तर पाहायला नको होतं. सरकारने ते यंत्र मला आकाशाकडे बघायला दिलं होतं. वेधशाळेतला फुगा सोडायचा, तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीने त्याच्या मागे जायचं आणि वरचा वारा कुठून कुठे वाहतो ते मुंबईला कळवायचं, एवढीच माझी नोकरी. पण फुगा माझा जोडीदार नाचणे सोडायचा, आणि तो मुहूर्त शोधत असल्यासारखा वेळ लावायचा. तोवर यंत्र जरा खाली वळवलं की आवडाकाकूंच्या घरापुढचं खळं नेमकं समोर यायचं. खळ्यात कुमुद, तिच्या मांडीवर चिमी, शेजारी पितळेची वाटी.

त्या दिवशीही फुगा सुटला. पांढरा, फुगीर, उन्हात थोडा डुलत तो नारळांच्या वर गेला. चिमीने मान वर केली. ओठ विलग झाले. कुमुदचा हात पुढे झाला. आणि चिमीने ओठ घट्ट मिटले, मान खाली घातली, आणि चक्क फुग्याकडे पाठ फिरवून आईच्या पदरात तोंड खुपसलं.

मला फार वाईट वाटलं. तिने भात खाल्ला नाही याचं नाही, तो ती तशीही आपणहून खात नव्हती. तिने फुगा बघायचा सोडला याचं. वर बघितलं की तोंडात काहीतरी कोंबतात, हे त्या एवढ्याशा पोरीला कळून चुकलं होतं. नाचणे मागून ओरडला की फुगा कुठे आणि तुम्ही कुठे, तेव्हा मी यंत्र वर वळवलं. पण त्या दिवशीचा फुगा मला शेवटपर्यंत सापडला नाही.

मी अक्कलकोटकडचा. आमच्याकडे पाणी बघायला विहिरीत वाकावं लागतं. बदली होऊन मी या खाडीकाठच्या गावी आलो तेव्हा पहिले काही दिवस मला आपण झोपेत आहोत असंच वाटे. सगळीकडे हिरवी सावली, दुपारी सगळं गाव निजलेलं, आणि भरती आली की घराच्या मागच्या पायरीपर्यंत पाणी येऊन हळूच काहीतरी पुटपुटून परत जायचं. आवडाकाकूंनी त्यांची पडवीतली खोली मला भाड्याने दिली होती. गावात माझं आडनाव उंबरजे आहे हे पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. मी फुगेवाला. लहान पोरं तर मी जत्रेत फुगे विकणारा असून सरकारने मला चुकून पगार चालू केलाय, असं एकमेकांना सांगत.

घरात काकू, त्यांची सून कुमुद आणि नात चिमी. मुलगा मोरेश्वर लाँचवर इंजिन सांभाळायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. कुमुद आश्रमात वाढलेली. मोरेश्वरने स्वतः जाऊन तिला पसंत केलं होतं, आणि काकूंनी वाडीची तोंडं बंद करून लग्न लावून दिलं होतं. काकू तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणाऱ्या नव्हत्या. कुमुदला माहेर नाही ही गोष्ट त्या कधी काढत नसत. ती गोष्ट निघाली चिमीच्या उष्टावणाच्या दिवशी.

बाळाला पहिला अन्नाचा घास भरवायचा तो मामाने. मांडीवर घ्यायचं, चांदीच्या चमच्याने खीर चाटवायची. सगळी तयारी झाली, पाट मांडला, रांगोळी काढली, शेजारणी जमल्या, आणि तेव्हा कुठे काकूंच्या लक्षात आलं की मामाच नाही. मी पडवीत दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, फुगेवाले, सदरा घाला नि चला, तुम्हाला बहीण झालीय.

मी तसाच गेलो. पाटावर बसताना कुमुदने मला हळूच विचारलं की तुम्हाला दादा म्हटलं तर चालेल का. मला सख्खी बहीण नव्हती. मी म्हटलं, चालेल की. चिमीला मांडीवर घेतलं आणि खीर तिच्या ओठांना लावली. तिने क्षणभर विचार केला आणि सगळी खीर माझ्या नव्या सदऱ्यावर थुंकली. बायका खळखळून हसल्या. मीही हसलो.

ते हसू पुढे टिकलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला, चिमी दुधाशिवाय कशाला तोंड लावेना. वरण, भात, पेज, केळं, नाचणीचं सत्त्व, काही नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोर ठणठणीत आहे, पण आता नुसत्या दुधावर भागायचं नाही, गाल बसायला लागलेत. कुमुदने काय काय केलं नाही. कावळा दाखवला, मांजर दाखवलं, रेडिओ लावला, आरसा आणला. एक दिवस चिमी माझ्या फुग्याकडे आ वासून बघत असताना पहिल्यांदा घास गेला, म्हणून मग रोज फुग्याची वेळ ही चिमीच्या जेवणाची वेळ झाली. आता तीही गेली.

भरवताना कुमुदची एक पद्धत होती. चिमीचा हात चमच्याकडे आला की ती तो अलगद धरून आपल्या काखेखाली दाबून ठेवायची. दुसरा हात आला की दुसरा. मला वाटे, सांडू नये म्हणून करत असेल. दिवसभर मांडीवरून पोर उतरत नव्हती, वाटी हातातून सुटत नव्हती. स्वतः मात्र ती सगळ्यांचं झाल्यावर, चुलीकडे तोंड करून, उभ्या उभ्याच चार घास गिळायची. काकूंनी कधी म्हटलं की बस गो नीट, तर म्हणायची, झालंच की.

त्या संध्याकाळी काकू पडवीच्या पायरीवर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "फुगेवाले, मनात आणू नका. तुम्ही भले आहात. पण पहिला घास आपल्यातल्याचा लागतो. तुमच्या हातचा तो पोरीला लागला नाय."

माझ्या सदऱ्यावरचा खिरीचा डाग अजून गेला नव्हता.

त्यांनी पुढे सांगितलं ते असं. पौर्णिमेला मोरेश्वर घरी येतोय. त्या दिवशी उष्टावण पुन्हा करायचं. वाडीतला भिकाजी कुमुदचा भाऊ म्हणून पाटावर बसेल. गावचा आहे, जातीचा आहे, आयुष्यभर इथेच राहणार आहे. बदली झाली की निघून जाणारा मामा काय कामाचा? त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी रात्रपाळी लागली. निघालो तेव्हा कुमुद विहिरीवर होती. रहाट थांबवून तिने मला विचारलं, आईंनी सांगितलं ना? मी मान हलवली.

"मला एकच माणूस मिळालं होतं, दादा," ती म्हणाली. "ते पण बदलून देणार आहेत. चिमीने पौर्णिमेच्या आत चार घास खाल्ले ना, तर आईंना मी नाही म्हणू शकेन. नाहीतर कुठल्या तोंडाने म्हणू?"

तिने पुन्हा रहाट ओढायला घेतला. मी टेकडी चढलो, पण वाऱ्याची दिशा लिहिताना माझं लक्ष नव्हतं. भाऊ होणं इतकं मोठं असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आणि आता ते जाणार म्हटल्यावर मला ते हवंसं वाटायला लागलं होतं.

पौर्णिमा परवावर आली होती. मी सकाळी टेकडीवरून उतरलो, आंघोळ केली, आणि दुपारी जेवून आडवा होणार तेवढ्यात कुमुद पडवीत आली. तिचे डोळे लाल झाले होते, कपाळाला सुंठ उगाळून लावलेली. डोकं फुटतंय म्हणाली. काकू आगरात झावळ्या गोळा करायला गेल्या होत्या. जरा वेळ चिमीला बघाल का, भात कालवून ठेवलाय, घेतला एखादा घास तर बघा, नाही घेतला तर राहू द्या. एवढं बोलून ती माजघरात जाऊन पडली, आणि पडल्या पडल्या तिला झोप लागली.

मी चिमीला घेऊन खळ्यात बसलो. फणसाची दाट सावली, पाठीला भिंत, समोर वाटी. चिमी माझ्या मांडीला टेकून बसली होती. मी चमचा भरला, तिच्या तोंडाशी नेला. तिने मान फिरवली. मी म्हटलं, नको तर नको बाई. चमचा तसाच हातात धरून मी बसून राहिलो.

रात्रभरचं जागरण, पोटात आमटी-भात, आणि भरतीचं पाणी मागच्या पायरीला लागून पुटपुटत होतं. कुणाची छाती आहे अशा वेळी जागं राहायची? माझे डोळे मिटले.

स्वप्नात मी टेकडीवर होतो. हातात फुगा होता, आणि वेळ झाली होती, पण नाचणेचा पत्ता नव्हता. फुगा मला वर ओढत होता. जोरात नव्हे, लहान मूल बोट धरून चल म्हणतं तसा. मी त्याला सांगत होतो की थांब, अजून यंत्र लावलेलं नाही, तू गेलास तर तुला शोधायचं कुणी? आणि तो म्हणत होता, मला शोधायचं कशाला? त्याला आवाज नव्हता, तरी मला ते नीट ऐकू येत होतं. खाली खाडी भरली होती, गाव निजलं होतं. फुगा पुन्हा ओढायला लागला. पुन्हा. बोटं दुखायला लागली.

डोळे अर्धवट उघडले. ओढ खरी होती. चिमी दोन्ही हातांनी माझ्या मुठीतला चमचा ओढत होती.

मी हललो नाही. झोप अजून अंगावरून उतरली नव्हती, आणि हे स्वप्नातलंच पुढचं असेल असंही वाटत होतं. नोकरीत पहिल्या दिवशी मला एक गोष्ट शिकवली होती. फुगा सोडताना वर ढकलायचा नाही, उडी मारायची नाही, नुसतं धरणं सोडायचं. मी बोटं सैल केली.

चमचा तिच्या मुठीत गेला. तिने तो फिरवून पाहिला. फिरवताना त्यातला भात तिच्या पायावर पडला. तिने रिकामा चमचा तोंडात घातला, तोही उलटा, दांडीच्या बाजूने. चोखला. मग वाटीत आपटला. टण्ण आवाज झाला तसं तिने माझ्याकडे बघितलं. मी पापण्यांच्या फटीतून बघत झोपेचं सोंग केलं. तिने पुन्हा आपटला, वर उचलला, आणि या खेपेला चमच्याच्या पाठीला चिकटलेली चार शितं तिच्या गालाला लागली. जीभ बाहेर आली, गालावरून फिरली, आणि ती चार शितं आत गेली.

आत गेली ती बाहेर आली नाहीत.

मला ओरडावंसं वाटलं, पण मी ओरडलो नाही. हळूच हात लांब करून पडवीच्या कट्ट्यावरचा माझा चहाचा चमचा घेतला. वाटीच्या तळाशी भात घट्ट होता, चमचा उलटा केला तरी न पडणारा. तो थोडासा घेतला आणि चमचा तिच्या तोंडाशी न नेता तिच्या हाताशी ठेवला, दांडी तिच्याकडे करून. तिने पहिला टाकला आणि हा उचलला. तो आधी कानापाशी गेला, मग नाकावर आपटला, आणि मग वाट सापडल्यासारखा तोंडात शिरला. ती तोंड हलवत असताना मी पडलेला चमचा भरून ठेवला. तिने तो घेतला. मी दुसरा भरला. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. तिचे केस, भुवया, माझा पायजमा, खळ्यातली शेणाने सारवलेली जमीन, सगळीकडे भात झाला होता. पण वाटी अर्धी रिकामी झाली होती, आणि त्यातला बराचसा तिच्या पोटात होता.

मान वर केली तर आवडाकाकू समोर उभ्या. काखेत झावळ्या. त्या केव्हा आल्या होत्या देव जाणे. त्यांनी झावळ्या आवाज न करता खाली ठेवल्या, पदर तोंडावर धरला आणि बसल्या त्या तिथेच मातीत. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या.

"मेलीला स्वतःला खायचं होतं होय," त्या कुजबुजल्या. "आणि आम्ही मामा बदलायला निघालो."

मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळेना. कुमुद उठली की तिचा चेहरा कसा होईल, हे बघायचीच मी वाट पाहत होतो.

कुमुद दारात आली. झोपेतून उठलेली, केस सुटलेले. तिने चिमीकडे पाहिलं, तिच्या मुठीतल्या चमच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. झपाझप येऊन तिने चिमीच्या हातातला चमचा काढून घेतला. चिमीने भोकाड पसरलं.

"तिच्या हातात चमचा कुणी दिला?"

मी सांगायला लागलो की तिने खाल्लं, कुमुद, अर्धी वाटी खाल्ली. तिने ते ऐकलंच नाही.

"मी मेले नाहीये अजून," ती म्हणाली. "माझी मुलगी स्वतःच्या हाताने खाणार नाही. मी भरवीन तिला. मोठी झाली तरी भरवीन."

काकूंचं हसू थांबलं. त्यांना वाटलं, डोक्यात कळ गेली असेल. मला वाटलं, मी तिचा मान घेतला म्हणून चिडली असेल. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण काकूंनी मला हाताने थांबवलं. त्या उठल्या, रडणारी चिमी त्यांनी आपल्याकडे घेतली आणि कुमुदला म्हणाल्या, "बस. काय झालं ते सांग. कुणी रागावणार नाय."

कुमुद बसली. हातातल्या चमच्यावरचा भात ती अंगठ्याने पुसत राहिली. मग त्या चमच्यालाच सांगावं तसं बोलायला लागली.

"आश्रमात आम्ही लहान पोरं एका ओळीत बसायचो. वाढायला एकच बाई होत्या. चांगल्या होत्या, मारायच्या नाहीत. पण एवढ्यांना भरवणार कोण? म्हणून सगळ्यांच्या मुठीत लवकर चमचा द्यायच्या. मला लगेच जमलं. बाई सगळ्यांना दाखवायच्या, बघा, कुमुद कशी शहाण्यासारखी जेवते. माझ्या शेजारी यमुना म्हणून एक मुलगी होती. तिला जमायचंच नाही. चमचा धरला की पडायचा. मग बाई तिला मांडीवर घ्यायच्या. एकेक घास भरवायच्या. तोंड पुसायच्या. रोज."

मागच्या पायरीवर पाण्याचा आवाज येत होता.

"एक दिवस मी मुद्दाम चमचा टाकला. बाई आल्या, खाली वाकल्या. मला वाटलं, आता घेतील. त्यांनी चमचा उचलला, पुसला, माझ्या मुठीत परत दिला आणि म्हणाल्या, तुला येतं ना? आणि गेल्या यमुनेकडे."

मग ती पहिल्यांदा काकूंकडे बघून म्हणाली, "हिला पण आलं की कोण बसणार हिच्याजवळ?"

मी खाली बघत राहिलो. चिमीचे हात काखेखाली का दाबले जात होते ते आता मला कळलं होतं. रोज दुर्बिणीतून बघत होतो, आणि दिसलं काहीच नव्हतं.

काकूंनी चिमीला माझ्या मांडीवर दिलं आणि घरात गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, काकू रडायला आत गेल्या. पण त्या बाहेर आल्या त्या एका हातात पाट आणि दुसऱ्या हातात ताट घेऊन. पाट त्यांनी खळ्याच्या मधोमध ठेवला. ताटात भात होता, वर तूप, कडेला मीठ.

"ये गो. बस इथे."

"आई, मी जेवेन नंतर."

"नंतर नाय. आत्ता."

कुमुद पाटावर बसली, कारण काकूंच्या त्या आवाजापुढे मोरेश्वरही बसला असता. काकू तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसल्या. भात कालवला, घास केला. कुमुदने सवयीने ताटाकडे हात नेला.

"मला येतं, आई."

"येतं ते मला ठाऊक हाय," काकू म्हणाल्या. "येतं म्हणून काय झालं? आ कर."

कुमुदचा हात ताटाच्या कडेवरच राहिला. तिचे ओठ उघडत नव्हते. काकू घास धरून थांबल्या. त्यांनी तो पुढे रेटला नाही. कावळा दाखवला नाही, मांजर दाखवलं नाही. नुसता हात तसाच धरून त्या बसून राहिल्या, जणू पुढची सगळी दुपार त्यांना दुसरं काही काम नव्हतं. कुमुदच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हनुवटीवरून ताटात पडायला लागलं. मग तिने तोंड उघडलं.

पुढे बरंच काही झालं. पौर्णिमेला मोरेश्वर आला. त्याने भिकाजीला जेवायला बोलावलं, पण पाटावर बसायला नाही. माझी बदली झाली, परत झाली, तरी प्रत्येक भाऊबीजेला मी त्या खळ्यात असायचो. चिमीचं लग्न ठरलं तेव्हा तिला मांडवात कोण आणणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि परवा तिचा फोन आला. तिचं पोर जेवत नाही म्हणून तिची सासू हवालदिल झालीय. मी तिला म्हटलं, चमचा त्याच्या हाताशी ठेव, दांडी त्याच्याकडे करून, आणि तू मात्र तिथून उठू नकोस. तिने विचारलं, मामा, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, तूच.

पण मला आठवते ती दुपारच. काकूंनी दुसरा घास केला, तिसरा केला. मध्येच त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, मामा, पोरीला तिचा चमचा द्या की, का नुसते बघत बसलात? त्या घरात त्यांनी मला पहिल्यांदाच मामा म्हटलं होतं. मी चमचा उचलला, भरला, आणि चिमीच्या हाताशी ठेवला.

तेवढ्यात टेकडीवर नाचणेने फुगा सोडला. नारळांच्या वर तो पांढरा ठिपका डुलत आला. चिमीने चमचा मुठीत धरूनच मान वर केली. बघता बघता तिचं तोंड उघडलं. ती बघत राहिली, आणि फुगा लहान लहान होत गेला. तो पार दिसेनासा होईपर्यंत तिचं तोंड तसंच उघडं होतं. कुणी त्यात काही घातलं नाही.